ईमेलचं हेडर वाचताना सगळं उलगडा, बदलताना कमीत कमी हात लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही हजार ईएमएल फायलींचा (प्रत्येकीत एक पूर्ण ईमेल) साठा आहे. पायथनने प्रत्येक पत्राचा पाठवणारा, तारीख आणि विषय काढून तक्ता करायचाय. शिवाय विषयाच्या आधी प्रकरण क्रमांक जोडून पत्र पुढे पाठवायचंय. फाइल मजकूर म्हणून उघडताना एरर यायची, म्हणून तुम्ही 'एरर्स'ला 'इग्नोर' दिलं आणि मग सब्जेक्टला नवी व्हॅल्यू दिली. आता काही विषय चिन्हांच्या रांगेसारखे दिसतात, काही पत्रांना दोन-दोन विषय आहेत आणि पुढे पाठवलेल्या पत्रांची डीकेआयएम सही (पत्र वाटेत बदललेलं नाही हे दाखवणारी डिजिटल सही) तपासणीत नापास होतेय.

तीन दुखणी दिसत असली तरी मूळ एकच आहे. पत्राच्या सुरुवातीची पाठवणारा, तारीख, विषय वगैरे माहिती म्हणजे हेडर, आणि ते म्हणजे नुसत्या मजकुराच्या ओळी असं धरून तुम्ही चाललात. हेडर ही बाइट्सची ठरावीक नियमांनी बांधलेली रचना आहे, आणि ती वाचणं हे एक काम, बदलणं हे अगदी वेगळं काम. वाचताना लायब्ररीला सगळं उलगडू द्यायचं. बदलताना मात्र जेवढं बदलायचंय तेवढ्यालाच हात लावायचा आणि बाकीचा प्रत्येक बाइट आला तसा ठेवायचा. एकाच फंक्शनमध्ये दोन्ही उरकायला गेलं की नेमकी तुमच्यासारखी अवस्था होते.

फंक्शनांची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तुम्हाला ती ओळखीची असतीलच.

आधी रचना. हेडर आणि मजकूर यांच्यामध्ये एक रिकामी ओळ असते, आणि पहिली रिकामी ओळ हीच सीमा. तिच्या वरचं सगळं हेडर, खालचं सगळं मजकूर, मग त्या मजकुरात पुढे 'सब्जेक्ट:' असं लिहिलेलं असलं तरी. प्रत्येक हेडरला नाव, मग कोलन, मग व्हॅल्यू. व्हॅल्यू लांब असेल तर ती घडी घालून पुढच्या ओळीवर नेता येते, आणि ती पुढची ओळ स्पेस किंवा टॅबने सुरू होते. म्हणजे तीन ओळींत पसरलेला विषय हे एकच हेडर आहे. 'सब्जेक्ट:'ने सुरू होणारी ओळ शोधून तेवढीच बदललीत तर उरलेल्या दोन ओळी नव्या विषयाला चिकटून बसतात. ईमेलची रचना ठरवणाऱ्या आरएफसी ५३२२ या मानकाप्रमाणे एका ओळीत ९९८ पेक्षा जास्त कॅरेक्टर चालतच नाहीत आणि ७८ च्या आत ठेवावीत अशी शिफारस आहे. त्यामुळे घडी ही रोजची गोष्ट आहे, अपवाद नाही. नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरत नाहीत. ओळीचा शेवट सीआर-एलएफ या ओळ मोडणाऱ्या दोन कॅरेक्टरांच्या जोडीने होतो, डिस्कवर साठवलेल्या फायलींत मात्र बऱ्याचदा नुसता एलएफ सापडतो.

म्हणून पहिला बदल: फाइल बायनरी मोडमध्येच उघडा. टेक्स्ट मोडमध्ये पायथन ओळींचे शेवट आपणहून बदलतो आणि बाइट्सचा अर्थ लावायला बघतो. एका पत्राचा एक भाग यूटीएफ-८, दुसरा भलत्याच जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत), असं सर्रास असतं, त्यामुळे पूर्ण फाइलला लागू पडेल असं एक एन्कोडिंग नसतंच. तुम्हाला एरर आली ती याच कारणाने, आणि ती खरी सूचना होती. 'इग्नोर' दिल्यावर पायथनने न कळलेले बाइट गुपचूप गाळले. असं मीही एकदा केलंय. एका जुन्या पत्रसाठ्यावर मी स्क्रिप्ट चालवली, वरवर सगळं नीट दिसलं, आणि कित्येक आठवड्यांनी कुणीतरी एक पत्र उघडून पाहिलं तेव्हा त्यातली जोडाक्षरं तुटलेली निघाली. मूळ प्रत वेगळी ठेवली होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मूळ फायलींच्या फोल्डरला स्क्रिप्टकडून लिहिण्याची परवानगीच मी ठेवत नाही.

आता वाचन. मेसेज_फ्रॉम_बायनरी_फाइल हे फंक्शन वापरा आणि त्याला पॉलिसी (हेडर कसं वाचायचं-लिहायचं याचे नियम) म्हणून ईमेल.पॉलिसी.डिफॉल्ट स्पष्टपणे द्या. नावात 'डिफॉल्ट' असलं तरी काही न दिल्यास ही पॉलिसी लागू होत नाही. तेव्हा कॉम्पॅट३२ नावाची जुनी पॉलिसी लागते, आणि ती विषय न उलगडता, घडीच्या ओळींसकट, कच्चाच हातात देते. तुमची 'चिन्हांची रांग' तिथूनच आली. नवी पद्धत पायथन ३.६ पासून पक्की झाली, आज जुनी वापरायला कारण उरलेलं नाही. फक्त हेडरच हवे असतील तर बाइट्स_हेडर_पार्सर घ्या. तो मजकुराचे भाग उलगडायच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे मोठी अटॅचमेंट असलेल्या हजारो फायलींवर फरक जाणवतो.

ती चिन्हांची रांग नेमकी काय असते हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे, कारण मराठी विषय असलेल्या पत्रांत निम्मे घोळ तिथेच होतात. हेडर मूळचे साध्या आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं-अंक-चिन्हं, यांपुरते बांधलेले. देवनागरी त्यात बसवण्यासाठी आरएफसी २०४७ ने १९९६ साली 'एन्कोडेड वर्ड' ही युक्ती दिली: बरोबरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह, मग एन्कोडिंगचं नाव, प्रश्नचिन्ह, मग बी किंवा क्यू हे अक्षर, प्रश्नचिन्ह, मग एन्कोड केलेला मजकूर, आणि शेवटी प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह. बी म्हणजे बेस६४, क्यू म्हणजे आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट सोळाच्या पद्धतीत लिहिणं. अशा एका शब्दाची कमाल लांबी ७५ कॅरेक्टर.

'बैठकीची वेळ बदलली' हा विषय घ्या. मोजताना काना, मात्रा, वेलांटी यांची चिन्हं वेगळी धरायची, कारण युनिकोडमध्ये ती वेगळीच असतात. अशी १५ देवनागरी चिन्हं आणि २ स्पेस झाले. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे ४५, अधिक २, एकूण ४७ बाइट. बेस६४ मध्ये दर ३ बाइटांची ४ कॅरेक्टर होतात, म्हणजे ६४. आजूबाजूचं वेष्टन १२ कॅरेक्टरचं. बेरीज ७६, मर्यादेपेक्षा बरोबर एकने जास्त. क्यू पद्धतीने तोच विषय १४९ पर्यंत जातो. म्हणजे एवढासा तीन शब्दांचा विषयसुद्धा दोन तुकड्यांत मोडावाच लागतो.

तो मोडायचा कसा? नियम सांगतो की एका चिन्हाचे बाइट दोन तुकड्यांत विभागायचे नाहीत. पण कित्येक पाठवणाऱ्या प्रोग्रामांना हे माहीत नसतं. त्यांना एका तुकड्यात बेस६४ ची जास्तीत जास्त ६० कॅरेक्टर बसतात एवढंच कळतं, आणि ते सरळ ४५ व्या बाइटला कात्री चालवतात. आपल्या विषयात ४४ वा बाइट 'बदलल' इथपर्यंत येतो. ४५ वा बाइट हा शेवटच्या दीर्घ वेलांटीचा पहिला बाइट, तिचे उरलेले दोन दुसऱ्या तुकड्यात. तुम्ही रेग्युलर एक्स्प्रेशनने तुकडे शोधून प्रत्येक तुकडा वेगळा डिकोड केलात तर 'बदलल' नंतर काळा चौकट-प्रश्नचिन्हाचा डाग दिसतो, आणि 'इग्नोर' असेल तर वेलांटी मुळी गायबच होते. उपाय असा की शेजारी-शेजारी असलेल्या, एकाच एन्कोडिंगच्या तुकड्यांचे बाइट आधी जोडायचे आणि मग डिकोड करायचं. जुनं डिकोड_हेडर फंक्शन हे जोडणं करतं. तुकड्यांच्या मधली स्पेस किंवा ओळ मोडणी दाखवायची नसते, ती फेकून द्यायची असते, हेही लक्षात असू द्या. नाहीतर 'बदल ली' असं काहीतरी दिसतं. नवी पॉलिसी दिली असेल तर एरवी यातलं काहीच तुम्हाला हाताने करावं लागत नाही.

नव्या पॉलिसीखाली प्रत्येक हेडर ही नुसती स्ट्रिंग नसते, तिच्यावर उपयोगी गुणधर्म असतात. डेट हेडरवर .डेटटाइम मिळतो. फ्रॉम आणि टू वर .अ‍ॅड्रेसेस मिळतात, आणि प्रत्येकात डिस्प्ले_नेम, यूजरनेम, डोमेन वेगळं. टू हेडर स्वल्पविरामावर कधीही तोडू नका. 'आडनाव, नाव' असं अवतरणात लिहिणारी माणसं आणि संस्था भरपूर आहेत, त्यातला स्वल्पविराम पत्त्यांच्या मधला नसतो. फ्रॉमचं डिस्प्ले_नेम पाठवणारा हवं ते लिहू शकतो, त्यात दुसऱ्याच कुणाचा पत्तासुद्धा. म्हणून तुमच्या तक्त्यात नाव आणि पत्ता असे दोन वेगळे रकाने ठेवा.

हेडर मुळात नसेल तर चौकोनी कंसाने मागितल्यावर की-एरर येत नाही, नन (पायथनचं 'काहीच नाही') मिळतं. त्यावर लगेच .डेटटाइम लावलंत तर स्क्रिप्ट तिथेच बसते. आणखी एक सावधगिरी: नवी पॉलिसी हेडरचा अर्थ आपण मागतो त्या क्षणी लावते, फाइल वाचताना नाही. त्यामुळे वाकड्या हेडरवरची एरर पार्सिंगच्या ओळीवर न येता तुम्ही विषय मागता त्या ओळीवर येते. फारच विचित्र पत्त्यांवर नव्या पार्सरने चक्क एक्सेप्शन फेकल्याचं मी पाहिलंय. म्हणून ट्राय-एक्सेप्ट पूर्ण पत्राभोवती नको, एकेका हेडरभोवती ठेवा. एक हेडर फसलं तरी बाकीची ओळ तक्त्यात जाईल. फसलेल्याचे कच्चे बाइट वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा. हेडर वाचता आलं पण ते नियमाला धरून नव्हतं, तर तसं त्याच्या .डिफेक्ट्स या यादीत नोंदलेलं असतं. मी ती संख्या तक्त्यात नेहमी घेतो. एखाद्या पाठवणाऱ्याच्या सगळ्याच पत्रांत दोष दिसले की चूक आपल्या कोडची नाही हे लगेच कळतं.

रिसीव्ड हेडरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पत्राचा खरा प्रवास तिथे असतो. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपलं रिसीव्ड हेडर सगळ्यात वर जोडतो. म्हणजे वरचं सर्वात नवं, प्रवास समजून घ्यायचा तर खालून वर वाचायचं. चौकोनी कंसाने फक्त एकच, सगळ्यात वरचं मिळतं. सगळी हवीत तर गेट_ऑल. प्रत्येकात शेवटच्या अर्धविरामानंतर तारीख असते. उजवीकडून एकदाच तोडा, पार्सडेट_टू_डेटटाइमला द्या, आणि लागोपाठच्या दोन वेळांतला फरक म्हणजे त्या टप्प्यावरचा उशीर. फरक ऋण आला तर घाबरू नका, दोन सर्व्हरांची घड्याळं जुळत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. एक खाच मात्र आहे. तारखेच्या शेवटी उणे ०००० असेल तर पायथन टाइमझोन नसलेला डेटटाइम देतो, आणि टाइमझोन असलेल्याशी तो वजा करायला गेलं की टाइप-एरर येते. अशाला यूटीसी समजून झोन लावून घ्या.

विश्वास कशावर ठेवायचा, तर फक्त तुमच्या स्वतःच्या सर्व्हरांनी जोडलेल्या रिसीव्डवर. त्यांच्या खालची हेडरं पाठवणाऱ्याने हाताने लिहिलेली असू शकतात. ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स हेडरलाही हेच लागू. त्याच्या सुरुवातीला तपासणाऱ्या सर्व्हरचं नाव असतं. ते तुमच्या सर्व्हरचं नसेल तर त्यातल्या 'पास'ला काडीचं मोल देऊ नका.

वाचन इथवर. आता बदल करायला बसताना कोडमध्ये फार सांभाळावं लागतं.

तुम्ही सब्जेक्टला व्हॅल्यू दिलीत तेव्हा डिक्शनरीसारखी जुनी जाऊन नवी येईल असं वाटलं असणार. दिसायला सिंटॅक्स तसाच आहे, पण इथे ते काम 'बदल' असं नसून 'जोड' असं आहे. जुनं हेडर राहतं आणि नवं यादीच्या तळाशी लागतं. कॉम्पॅट३२ याबद्दल चकार शब्द काढत नाही. नव्या पॉलिसीला सब्जेक्ट, फ्रॉम, टू, डेट अशी हेडरं एकदाच यायला हवीत हे माहीत असतं, त्यामुळे ती व्हॅल्यू-एरर देऊन थांबवते. बदलायचं असेल तर रिप्लेस_हेडर. ते पहिलं सापडलेलं हेडर जागच्या जागी, नावाच्या मूळ लहान-मोठ्या लिपीसकट बदलतं, आणि हेडर नसेल तर की-एरर देतं. आधी डेल करून मग नव्याने देणंही चालतं, पण डेल त्या नावाची सगळीच हेडरं काढतं आणि नवं तळाला जातं. सब्जेक्टला ते चालून जाईल. रिसीव्डवर डेल चालवलंत तर पत्राचा इतिहासच पुसला जातो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. जावात हाच घोळ नाही, तिथे सेट_हेडर आणि अ‍ॅड_हेडर अशी स्पष्ट वेगळी नावं आहेत. मात्र तिथे सेव्ह_चेंजेस केल्यावर मेसेज-आयडीच बदलतो आणि संभाषणाची साखळी तुटते.

नवा विषय तयार करताना आधी पूर्ण उलगडलेला मजकूर घ्या, त्याला प्रकरण क्रमांक जोडा, आणि परत एन्कोड करायचं काम लायब्ररीवर सोडा. कच्च्या बाइट्सच्या आधी थेट कंस आणि क्रमांक चिकटवू नका. एन्कोडेड वर्डच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असावी लागते. ती नसली की समोरचा प्रोग्राम त्याला एन्कोडेड वर्ड मानायला बांधील नसतो आणि वाचणाऱ्याला पुन्हा तीच चिन्हांची रांग दिसते. आणि क्रमांक बाहेरून, म्हणजे एखाद्या फॉर्ममधून किंवा डेटाबेसमधून येत असेल तर त्यात ओळ मोडणारं कॅरेक्टर नाही याची खात्री करा. व्हॅल्यूमध्ये एक सीआर-एलएफ घुसली की तिच्यापुढचा मजकूर हे नवं हेडर ठरतं, आणि 'बीसीसी' लिहून कुणीही तुमच्या सर्व्हरवरून हवं तिथे पत्र पाठवू शकतो. नवी पॉलिसी अशी व्हॅल्यू नाकारते. पायथन ३.१३ मध्ये तर पत्र लिहून काढतानाही तपासणी आली. तरीही आपल्या बाजूने आधी तपासणं सोडू नका, कारण हेच कोड उद्या कुणी बाइट पातळीवर उतरवलं की लायब्ररीचं हे संरक्षण तिथे नसतं.

आता सही का नापास होते ते. डीकेआयएम सहीच्या हेडरमध्ये एच नावाचा टॅग असतो, त्यात कोणकोणत्या हेडरांवर सही केली त्याची यादी असते. फ्रॉम त्यात असावंच लागतं, आणि सब्जेक्ट व्यवहारात जवळपास नेहमीच असतं. विषयात एक अक्षर बदललं की सही गेली, याला कुठल्याही लायब्ररीत तोड नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: एकाच नावाची अनेक हेडरं असली की तपासणारा खालून वर मोजतो. तुमचा नवा विषय तळाशी लागला, म्हणजे मूळ विषय जसाच्या तसा वर असूनही तपासणाऱ्याने नेमका नवाच उचलला.

पण विषयाला हात न लावताही सही जाऊ शकते. पत्र नुसतं वाचून परत लिहिलं तरी लायब्ररी लांब हेडरांच्या घड्या नव्याने घालते. सहीच्या सी टॅगमध्ये 'रिलॅक्स्ड' असेल तर घड्या आणि जास्तीच्या स्पेस माफ असतात. 'सिंपल' असेल, आणि टॅग नसल्यास तेच धरलं जातं, तर हेडर बाइट-बाय-बाइट तसंच लागतं. म्हणून पॉलिसीची क्लोन करून रीफोल्ड_सोर्सला 'नन' असा शब्द द्या. हा अवतरणातला शब्द आहे, पायथनचा नन नाही. आधीपासून असलेली हेडरं मग मूळ घडीतच राहतात. सर्व्हरला द्यायचं पत्र पॉलिसी.एसएमटीपीने लिहा, म्हणजे ओळींचे शेवट सीआर-एलएफ होतील.

माझं खरं मत विचाराल तर विषय बदलूच नका. प्रकरण क्रमांकासाठी स्वतःचं वेगळं हेडर ठेवा, तुमच्या प्रणालीचं नाव असलेलं, म्हणजे दुसऱ्या कुणाशी टक्कर होणार नाही. सुरुवातीला 'एक्स-' लावायची जुनी प्रथा २०१२ च्या आरएफसी ६६४८ ने नव्या नावांसाठी नको म्हटलीय, तरी ती लावल्याने काही मोडत नाही. एच यादीत नसलेलं नवं हेडर जोडल्याने सही शाबूत राहते. पत्र पुढे पाठवताना विषयात क्रमांक दिसलाच पाहिजे असेल तर तुमचं स्वतःचं नवं पत्र बनवा, त्याचा विषय हवा तसा ठेवा, आणि मूळ पत्र आख्खं अटॅचमेंट म्हणून जोडा. अ‍ॅड_अटॅचमेंटला पत्राचा ऑब्जेक्ट दिला की तो मेसेज/आरएफसी८२२ प्रकाराने जोडला जातो. मिळणाऱ्याला मूळ फ्रॉम, मूळ तारीख, पूर्ण रिसीव्ड साखळी, सगळं दिसतं. पत्र जसंच्या तसं दुसऱ्याकडे वळवायचं असेल तर रीसेंट-फ्रॉम, रीसेंट-टू, रीसेंट-डेट ही हेडरं त्यासाठीच आहेत, ती वर जोडायची आणि मूळ हेडरांना हात लावायचा नाही. पत्र कुणाकडे जाईल हे टू हेडर ठरवत नाही, एसएमटीपीच्या (सर्व्हरकडे पत्र सोपवण्याच्या पद्धतीच्या) लिफाफ्यावरचे, म्हणजे पाठवताना सर्व्हरला वेगळे सांगितलेले पत्ते ठरवतात, हेही इथे ध्यानात ठेवा. टू बदलल्याने पत्र वळत नाही.

साठ्यातल्या फायलींत हेडर जोडताना मी लायब्ररीने पत्र परत लिहीतच नाही, बाइट्सवर काम करतो. अवघड वाटतं, पण तीस-चाळीस ओळींत होतं. बाइट्स वाचायचे. पहिली ओळ सीआर-एलएफने संपते की एलएफने ते बघायचं. पहिल्या रिकाम्या ओळीवर दोन भाग करायचे, आणि खालच्या भागाकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही. वरच्या भागातल्या ओळी घ्यायच्या, स्पेस किंवा टॅबने सुरू होणारी प्रत्येक ओळ आधीच्या हेडरला चिकटवायची. मग नाव आणि कच्चे बाइट अशा जोड्यांची यादी तयार होते. पहिलीच ओळ कोलनशिवाय 'फ्रॉम' आणि स्पेस अशी असेल तर ती एमबॉक्सची, म्हणजे अनेक पत्रं एकाच फायलीत ठेवणाऱ्या प्रकाराची खूण आहे, हेडर नाही, ती बाजूला ठेवून शेवटी परत तिच्या जागी ठेवायची. आपलं नवं हेडर यादीच्या सुरुवातीला घालायचं, त्याच प्रकारच्या ओळ-शेवटासह, आणि सगळं जोडून नव्या फायलीत लिहायचं. व्हॅल्यूत देवनागरी असेल तर ईमेल.हेडरमधला हेडर क्लास वापरून आधी एन्कोड करून घ्यायची. त्याला हेडरचं नावही सांगितलं की पहिल्या ओळीची लांबी तो बरोबर धरतो. लायब्ररीत हेडर सगळ्यात वर घालण्याची सरळ सोय नाही, तीही इथे आपोआप मिळते.

आणि तपासणी अशी करा: नव्या फायलीतून आपण घातलेलं हेडर काढलं की उरलेले बाइट मूळ फायलीशी तंतोतंत जुळले पाहिजेत. नुसती तुलना, हॅश काढायचीही गरज नाही. सगळ्या साठ्यावर ही तुलना चालवा, दहा-वीस नमुन्यांवर भागवू नका. बिघडणारी पत्रं नेमकी नमुन्यात न आलेलीच असतात.

पत्रं आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरच्या टपालपेटीत, असतील तर तिथे साठवलेलं पत्र जागेवर बदलता येतच नाही. पत्र उतरवायचं, बदललेली प्रत अपेंड करायची, मग जुनी काढायची. उतरवताना बॉडी.पीक वापरा, नाहीतर न वाचलेली पत्रं वाचलेली म्हणून नोंदली जातील. अपेंड करताना मूळ फ्लॅग आणि इंटर्नलडेट सोबत द्या. इंटर्नलडेट म्हणजे सर्व्हरवर पत्र आल्याची वेळ, ती डेट हेडरपेक्षा वेगळी असते, आणि दिली नाहीत तर सगळी जुनी पत्रं आज आल्यासारखी वर येऊन बसतात.

राहता राहिल्या तुमच्या आधीच बिघडलेल्या फायली. दोन विषय असलेल्यांत वरचा मूळ आणि तळाचा तुमचा, कारण जोड नेहमी तळाला होते. बाइट पातळीवर शेवटचा सब्जेक्ट तेवढा काढा. बाकीचे बाइट शाबूत असतील तर सहीही परत जुळेल. जुन्या पत्रांत ती तरीही जुळली नाही तर पाठवणाऱ्याने डीएनएसमधली (डोमेनच्या नोंदींमधली) सही तपासण्याची सार्वजनिक की काढून टाकलीय का ते पाहा. किया वेळोवेळी बदलल्या जातात, तेव्हा तो दोष तुमच्या फायलीचा नाही. ज्या फायली 'इग्नोर' लावून वाचून परत लिहिल्या गेल्या त्यांतले गाळले गेलेले बाइट मात्र कोणत्याही कोडने परत येणार नाहीत. त्या कोणत्या हे शोधायला मूळ प्रतीशी फायलींचा आकार ताडून बघा. फक्त ओळींचे शेवट बदलले असतील तर फरक ओळींच्या संख्येएवढाच येईल. त्याहून वेगळा आला ती पत्रं सर्व्हरवरून पुन्हा उतरवून घ्या, आणि सर्व्हरवर काही पुसलं जायच्या आत हे काम सगळ्यात आधी करा.